डब्याच्या बुडाला भोक

तेलाचा डबा कसा फोडायचा हे मला सासऱ्यांनी शिकवलं. लग्नाला आठ दिवस झाले असतील. पहाटे साडेपाचला हॉटेलात गेले तर अण्णा टोच्या आणि हातोडी घेऊन डब्यापुढे उकिडवे बसलेले. "एक भोक तेलाला, एक वाऱ्याला," म्हणाले. "वाऱ्याचं नाही पाडलं तर डबा गटांगळ्या खातो आणि पहिली धार कढईत नाही, तुझ्या पायावर." मी बी.कॉम. होऊन आलेले. पहिल्या दिवशी नुसतं वाऱ्याचंच भोक पाडून बसले. वस्ताद, म्हणजे आमचा आचारी, अजून सांगतो ते गिऱ्हाइकांना.

कराडच्या एसटी स्टँडपासून चालत तीन मिनिटांवर आमचं हॉटेल. हॉटेल म्हणजे सहा बाकडी, एक गल्ला आणि एक कढई. सकाळी पोहे, मिसळ. दहानंतर वडा आणि कांदाभजी. दिवसाला एक डबा तेल लागतं, बाजारादिवशी दीड. सत्तावीस वर्षांचा हिशेब मांडला तर माझ्या डोळ्यांदेखत दहा हजारांच्या आसपास डबे रिकामे झाले. एवढ्या डब्यांचं नि त्यातल्या तेलाचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला पहिली वीस-एक वर्षं पडलाच नाही. भंगारवाला डबे न्यायचा, तेलवाला जळकं तेल न्यायचा, पैसे गल्ल्यात पडायचे. विषय संपला.

डब्याबद्दल आधी सांगते, कारण डोळे उघडले ते डब्याने.

माझ्या माहेरी, आटपाडीकडे, तेलाचा रिकामा डबा ही इस्टेट होती. वरचं तोंड कापून, कडा आत ठोकून, आडवी लाकडी मूठ बसवली की हापशावर न्यायचा पाण्याचा डबा तयार. झाकण बसवलं तर ज्वारीचा. मधोमध दांडका उभा करून भोवती भुसा ठासला, दांडका काढला की भुश्याची शेगडी. चारी बाजू उलगडून सरळ केल्या की गोठ्याच्या छपराला पत्रा. आईने तुळस लावली होती ती डब्यातच, नि त्या डब्यावरचं सूर्यफुलाचं चित्र झिजेपर्यंत तुळस टिकली. फेकून द्यायचा डबा असतो हे मला कराडला येऊन कळलं. आणि इथेही तो फेकला जात नव्हताच, विकला जायचा.

आमच्याकडचे डबे रात्री उलटे ठेवतात. पातेल्यावर दोन पट्ट्या आडव्या टाकायच्या, त्यावर डबा पालथा. सकाळपर्यंत थेंब थेंब निथळतं. पाच-सहा डबे असे ठेवले की वाटीभर तेल निघतं. अण्णांची ही शिस्त मी मोडलेली नाही. वाटीभर तेल म्हणजे चार वडे, असं ते म्हणायचे आणि ते चार वडे खरोखर मोजायचे.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण नव्याने धंद्यात येणारे हमखास फसतात. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर जुळ्या बहिणी. पण तेल पाण्यापेक्षा हलकं. १५ लिटर तेल भरतं पावणेचौदा किलोच्या आतबाहेर. गोड बोलून लिटरचा डबा किलोच्या भावात गळ्यात मारणारे पुष्कळ असतात. डबा घेताना आधी छापलेलं वजन वाचावं, मग दुकानदाराच्या मुलांची चौकशी करावी.

तर भंगारवाले. आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच दादा यायचे. स्वभावाने गरीब माणूस, उधारी नाही, वजनात मारामारी नाही. डबे नगावर घ्यायचे. फक्त दोन गोष्टींचा आग्रह. डब्याचं तोंड वेडंवाकडं फाडू नका, आणि बूच टाकून देऊ नका. सरळ, पोचे नसलेला, बुचासकट डबा असेल तर तीस रुपये. चेपलेला, फाटलेला असेल तर बारा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नीटनेटक्या वस्तूला जास्त दाम, हा जगाचा नियमच.

चार-पाच वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात मी सवयीने मागच्या बाजूला, आचाऱ्याच्या मांडवात गेले. लग्नात मला पुढे बसवत नाही, मागे काय शिजतंय ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तिथे डबे रचलेले. नावाजलेल्या छापाचे. एक डबा उचलला आणि हाताला काहीतरी खटकलं. बूच कोरं करकरीत, चकचकीत. पण बुडाच्या शिवणीला तांबूस गंज. एका अंगाला पोचा, तो आतून ठोकून वर काढल्याची खूण. नवा डबा गोदामात आपटतो, पोचा पडतो, ते ठीक. पण पोचा काढायला आतून ठोकावं लागतं, आणि भरलेल्या डब्यात आतून कोण ठोकणार?

मी आचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "स्वस्तात मिळाले वैनी, दोनशे रुपयांनी." पुढे काही बोलला नाही, मीही लग्नघरात तमाशा नको म्हणून गप्प बसले. त्या दिवशी मी नुसता वरणभात खाल्ला.

घरी येताना गाडीत डोक्यात ते तीस आणि बारा फिरत होतं. डबा म्हणजे पोलादाचा पत्रा, त्यावर कथलाचा पातळ मुलामा. भट्टीत वितळवायचाच असेल तर तो चेपलेला असो की सरळ, पोलाद तेवढंच निघणार. उलट चेपलेला बरा, टेम्पोत जास्त मावतो. मग सरळ डब्याला अडीचपट भाव देणारा माणूस त्यात पोलाद बघत नाही, डबा बघतो. बुचासकट मागतो म्हणजे त्याला तो भरायचा आहे.

एकदा वापरलेला टिनाचा डबा खाद्यतेल भरायला पुन्हा वापरायचा नाही, असा कायदा आहे. का, ते डबा कापून बघितला की कळतं. आतला मुलामा टोच्याने, धुण्याने खरवडला गेला की खालचं पोलाद उघडं पडतं आणि गंजतं. शिवणीत जुनं तेल अडकून खवट होतं. डबा आधी तेलाचाच होता की रंगाचा, औषधाचा, हे कोण बघतं? आणि मुख्य म्हणजे जो माणूस खोटा डबा भरतो तो त्यात खरं तेल कशाला भरेल? १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात धोतऱ्याच्या, म्हणजे पिवळ्या धोतऱ्याच्या, बियांचं तेल मिसळलं गेलं आणि साठाच्या वर माणसं गेली. तेलाची भेसळ नुसती चवीची फसवणूक नसते.

दुसऱ्या दिवसापासून मी वस्तादला सांगितलं, डबा निथळला की बुडाला टोच्याने चार भोकं पाडायची आणि मगच मागे टाकायचा.

वस्ताद माझ्यापेक्षा जुना आहे हॉटेलात. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. "वैनी, आख्ख्याला तीस येत्यात, भोकाच्याला बारा. महिन्याला पाचशे-साडेपाचशे रुपये भोकातनं जाणार बगा."

जाऊ देत म्हटलं. भंगारवाले दादा आले, डबे उलटेपालटे करून बघितले, काही न बोलता बारा रुपयांनी हिशेब केला. दोन महिन्यांनी त्यांनी येणं सोडलं. आता दुसरे येतात, किलोवर घेतात, चेपून नेतात. जुन्या दादांचा मला राग नाही. ते पुढच्याला विकत होते, पुढचा त्याच्या पुढच्याला. मीही त्याच साखळीत तीस रुपये घेऊन उभी होते.

आता तेल. हा जास्त चिकट विषय आहे.

बाहेरच्याला वाटतं, हॉटेलवाले तेल बदलतच नाहीत, काळं होईपर्यंत तळतात. घरच्या बाईला वाटतं, एकदा तळलं की तेल वाया. खरं दोन्हींच्या मध्ये आहे. अण्णा म्हणायचे, कोऱ्या तेलाला तळायची अक्कल नसते. सकाळचा पहिला घाणा कोऱ्या तेलात टाकला तर वडा फिका येतो, पांढुरका, अंगाला तेल लागतं पण रंग चढत नाही. म्हणून ते आदल्या दिवशीचं गाळलेलं तेल तांब्याभर नव्यात घालायचे, विरजण घातल्यासारखं. मला तो अडाणीपणा वाटायचा. पुढे वाचलं तर कळलं, अण्णा बरोबर होते. तेल थोडं तळून निघालं की त्यात जे पदार्थ तयार होतात त्यांच्यामुळे तेल आणि ओला वडा यांची गाठभेट नीट होते, आणि वडा एकसारखा तळला जातो. चूक विरजणात नव्हती. चूक ही की ते विरजण कधी तोडायचंच नाही. आजच्यातलं थोडं उद्या, उद्याच्यातलं थोडं परवा. कढईत कुठल्या महिन्यातलं तेल आहे ते देवालाच ठाऊक.

कढईत नेमकं काय होतं? बेसनाच्या पिठात पाणी असतं. वडा टाकला की जे बुडबुडे उसळतात ते त्या पाण्याची वाफ. ती वाफ तेल फोडते, आंबट अंश सुटे होतात. वरून हवा लागते, त्याने तेल खवट होतं. १७०-१८० अंशांवर तासन् तास राहिलं की तेलाचे तुटलेले तुकडे एकमेकांना चिकटतात. कढईच्या काठावर तो पिवळा चिकटा बसतो ना, नखाने निघत नाही, घासणीने निघत नाही, तो म्हणजे हेच चिकटलेलं तेल. आणि तळाला पिठाचा चुरा जळत बसतो. वडापावला चुरा लावतात तो वरचा, ताजा. हा खालचा काळा चुरा दर दोन-तीन घाण्यांनी झाऱ्याने काढला नाही तर तो तेलाचा दिवस निम्मा करतो. आमच्याकडे तेल दोन दिवस धडपणे टिकायला लागलं ते कुठल्या पावडरीने नव्हे, चुरा वेळेवर काढल्याने आणि गिऱ्हाईक नसताना भट्टी बारीक केल्याने.

फॉस्टॅकच्या, म्हणजे खाण्याच्या धंद्यातल्यांसाठीच्या सरकारी अन्नसुरक्षा प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा पहिल्यांदा ते मीटर बघितलं. थर्मामीटरसारखी दांडी, गरम तेलात बुडवायची, पडद्यावर आकडा येतो. तेलात बिघडलेला भाग किती टक्के, त्याचा. १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे की हा आकडा २५ च्या वर गेला की ते तेल माणसाच्या पोटात जाता कामा नये. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला लागतं त्यांना १ मार्च २०१९ पासून वही ठेवावी लागते, किती आलं, किती उरलं, कुणाला दिलं. आम्ही पन्नासच्या कितीतरी आत, त्यामुळे वहीची सक्ती नाही. पंचवीसची मर्यादा मात्र आमच्या कढईलाही तीच, मोठ्या हॉटेलच्या कढईलाही तीच.

पुढे ओळखीच्या एका फरसाणवाल्याने तसलं मीटर घेतलं. मी दोन बाटल्यांत तेल घेऊन त्याच्याकडे गेले. एक आमचं दीड दिवसाचं वड्याचं तेल, हळदीने तांबडंलाल झालेलं, बघून कुणीही नाक मुरडेल. दुसरं त्याच्याच शेवेच्या कढईतलं, दिसायला मधासारखं. दोन्ही तापवून दांडी बुडवली. आमचं आलं १७. त्याचं आलं २६. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मी हसू आवरलं, कारण माझंही काही खरं नव्हतं. मग आमचं चौथ्या दिवसाचं, अण्णांच्या पद्धतीने विरजण घालत नेलेलं तेल नेलं. २९. रंग बघून तेल ओळखता येतं, हा माझा वीस वर्षांचा गर्व त्या दिवशी त्या दांडीने उतरवला. हळद रंग लवकर आणते आणि तेल तितकं वाईट नसतं. शेवेचं तेल रंग आणत नाही आणि आतून गेलेलं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे विरजण एकदाच. आजचं तेल उद्या, उद्या संध्याकाळी बाहेर. आठवड्याला बारा ते पंधरा किलो जळकं तेल निघतं.

ते जळकं तेल आधी न्यायला एक भाऊ यायचे. पूर्वी सायकलवर, मग मोपेडवर, मागे दोन निळे कॅन बांधलेले. साबणाला जातं म्हणायचे. मी कधी विचारलं नाही कुठला साबण. पण भाऊंची एक खोड होती. ते तेल बघून घ्यायचे. कॅनचं झाकण काढून वास घ्यायचे, बोटावर थेंब घेऊन बोटं चोळायचे. फार काळं असेल तर भाव कमी. "वैनी, फडक्यातनं गाळून ठेवत जावा, आन् जरा आधीच काढत जावा की. लई जाळू नका." तेल लवकर काढलं, गाळलं, तर किलोला दहा रुपये जास्त.

मी हे चांगलंच समजत होते. बघा, हा माणूससुद्धा म्हणतो तेल लवकर बदला!

२०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं आणि सूर्यफुलाचं तेल तिकडे अडकलं. २८ एप्रिलला इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यातच बंद केली, ती २३ मेला उठवली. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे तिकडे कुणी शिंकलं की कराडच्या कढईला सर्दी. डबा अडीच हजारांच्या आसपास गेला. वडा दोन रुपयांनी वाढवला तर गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायचं जसं युद्ध मीच लावलंय. त्या दिवसांत भाऊ आठवड्याला एकदाऐवजी दोनदा यायला लागले. आणि न मागता भाव वाढवला. किलोला पंधरा रुपयांनी.

गल्ल्यावर बसून बसून माणसाला एक गोष्ट येते, भाव कशाला बांधलाय ते ओळखणं. साबणवाल्याला तेल काळं की गोरं याचं फारसं सोयरसुतक नाही. इंधन करणारा आपला भाव डिझेलशी ताडून घेतो. आणि नव्या डब्याचा भाव चढला की ज्याचा भाव चढतो, गाळलेल्या, न जळलेल्या तेलाला जो जास्त पैसे मोजतो, त्याच्याकडे ते तेल नव्या तेलाच्या जागी जातं. दुसऱ्या कुठल्या तरी कढईत. एखाद्या गाड्यावर, शाळेच्या बाहेर, जत्रेत. सरळ डब्याचे तीस रुपये आणि गाळलेल्या तेलाचे पंधरा रुपये, दोन्ही एकाच कारणाने वरचे होते.

मी भाऊंना थेट विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. "आमी पुढं देतो वैनी." बस.

पर्याय शोधायला दोन महिने गेले. एफएसएसएआयने १० ऑगस्ट २०१८ ला, जैवइंधन दिनाच्या दिवशी, वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजना काढली. नाव ठेवलं रुको. हिंदीत थांबा. सरकारी नावांत इतकं चपखल नाव मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या दिवसाशी जोडलेला रुडॉल्फ डिझेल, डिझेल इंजिन काढणारा, त्याचं एक इंजिन १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. हे मी वस्तादला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग त्येला वास बी झ्याक येत आसल." त्याच्या डोक्यात शेंगतेलातली भजी होती.

या योजनेत तेल गोळा करायची नोंदणी असलेल्यांपैकी पुण्याकडची एक मंडळी या पट्ट्यात टेम्पो फिरवतात असं कळलं. फोन केला. म्हणाले, शंभर किलोच्या खाली गाडी थांबत नाही. माझे महिन्याला साठ किलोच्या आसपास. मग गल्लीत फिरले. मेसवाल्या ताईंनी लगेच होकार दिला, त्यांचं दहा-बारा किलो. भजीच्या गाडीवाल्याने विचारलं, भाव काय? मी सांगितला. तो भाऊंच्या भावापेक्षा कमीच होता, त्याने मान हलवली आणि कांदा चिरत राहिला. फरसाणवाला, तो २६ वाला, आधी म्हणाला बघू. मग एक दिवस स्वतःच चाळीस किलोचा कॅन मुलाच्या हाती पाठवून दिला. त्यावर मी त्याला काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही.

आता महिन्यातून एकदा टेम्पो येतो. पोरगा कॅन उघडतो, पण वास घेत नाही. चमचाभर तेल छोट्या कढल्यात तापवतो आणि कान लावतो. तडतडलं तर पाणी आहे. त्यांना काळं चालतं, जळकं चालतं, पाणी चालत नाही. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून त्याचं बायोडिझेल करतात. १०० किलो तेलाला दहा-अकरा किलो मिथेनॉल, त्यातून साधारण १०० किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन. पाणी असलं की इंधनाऐवजी साबण होऊन बसतो. भाऊंचा साबण खोटा आणि हा साबण नकोसा, अशी गंमत. टेम्पोवाला वजन करतो, पावती देतो. पावतीवर आमचा परवाना नंबर. ती पावती मी गल्ल्याच्या काचेखाली ठेवते. कुणी वाचत नाही.

पैसे कमी आले म्हणून घरात जरा कुरकुर झाली. मी मोरीचा हिशेब काढला. जळकं तेल पूर्वी सगळंच विकलं जायचं असं नव्हे. कढईच्या तळाचा गाळ, भांड्यांचा ओशटपणा, सगळं मोरीत. जानेवारीत पहाटे कढईतलं पामतेल पांढरट थिजलेलं असतं, तेच पाइपात होतं, फक्त ते दिसत नाही. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. आम्हीही छाती फुगवून फिरलो, आणि त्याच हिवाळ्यात आमच्या मागच्या बोळात पाइप फोडावा लागला. आतून निघाला हातभर लांबीचा, मेणबत्तीसारखा पांढरा दांडका. मध्ये कढीपत्ता अडकलेला. गवंड्याचे, नव्या पाइपाचे आणि तीन दिवस बंद हॉटेलचे पैसे मी कागदावर लिहून दाखवले. आता मोरीबाहेर विटांचं दोन कप्प्यांचं टाकं आहे. तेल वर तरंगतं, पाणी खालून पुढे जातं. दर सोमवारी तवंग काढायचा. तो वास मी वर्णन करत नाही, तुम्ही कदाचित जेवताना वाचत असाल. कढई धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने कोरडी पुसायची, कागद बंबात. अग्रलेखाचं पान सगळ्यात चांगलं शोषतं.

प्लॅस्टिकचं काय, असं विचाराल. १५ लिटरचे प्लॅस्टिकचे जार मी घेत नाही, कधी डबा मिळालाच नाही तरच घेते. तो जार धुऊन लोक त्यात पिण्याचं पाणी भरतात, ताक भरतात, आणि तळाच्या खोबणीतला खवटपणा कितीही गरम पाणी घाला, जात नाही. भंगारात मात्र त्याला मागणी असते, कारण जाड, एकाच जातीचं प्लॅस्टिक. पिशव्यांना कुणी विचारत नाही. पातळ, थरांची, आतून तेलकट. वर्षभर कात्रीने कोपरा कापून पिशव्या ओतल्या होत्या मी एका स्वस्ताईच्या काळात. दहा पिशव्यांचा तो बुळबुळीत गठ्ठा घंटागाडीवाल्या बाईच्या हातात देताना लाज वाटायची. ती म्हणाली, "ताई, याच्यापेक्षा डबं बरं." परत डब्यावर आले.

भाऊ अजून दिसतात. गेल्या आठवड्यात सकाळी मी पायरीवर पाणी मारत होते तर मोपेड समोर, भजीच्या गाडीपाशी उभी. मागे तेच निळे कॅन. गाडीवाला नरसाळं धरून ओतत होता, भाऊंनी बोटावर थेंब घेतला, चोळला, मान डोलावली. मग माझ्याकडे लक्ष गेलं. "काय वैनी, बरं हाय का?"

बरं आहे म्हटलं. आत वस्ताद डब्याच्या बुडाला टोच्या लावून ठोकत होता, चारातलं तिसरं भोक चाललं होतं, आणि त्या आवाजात भाऊ आणखी काही बोलले ते मला ऐकू आलं नाही.